‘माझी काय हरकत?’ म्हणण्याआधी

प्रश्न : माझा मुलगा कॅलिफोर्नियात एम. एस. करतोय, दुसरं वर्ष आहे. दोन महिन्यांपूर्वी तो एका मोठ्या दुकानात सामान आणायला गेला. तिथं आपलं बिल आपणच करायचं मशीन असतं. पंधरा-सोळा वस्तू होत्या, त्यातल्या चार स्कॅन झाल्या नाहीत : तूप, चीजचं पाकीट, दाढीची पाती आणि मोबाइलची केबल. सगळं मिळून ४३ डॉलरचं. दारातच अडवलं, वस्तू परत घेतल्या, पोलीस आले आणि कोर्टाच्या तारखेचा कागद हातात देऊन सोडलं. तो म्हणतो, ‘आई, मी फोनवर बोलत होतो, लक्ष नव्हतं.’ कोर्टानं दिलेले वकील म्हणाले, ‘नो कॉन्टेस्ट, म्हणजे आरोपाविरुद्ध लढत नाही, असं म्हण, थोडा दंड होईल, एका सकाळीत मोकळा होशील. गुन्हा केला असं म्हणावंही लागत नाही.’ माझ्या यजमानांना ते पटलंय. माझा भाऊ म्हणतो, ते ना हो, ना नाही, असं असतं. मधल्या काळात दुकानाच्या वकिलाचं पत्र आलं, ३५० डॉलर भरा म्हणून. ते भरले की केस मिटेल का? आणि मला एक गोष्ट टोचते. त्यानं चोरी केलीच नसेल, तर ‘लढत नाही’ म्हणणं हे खोटं बोलणं नाही का? पुढं नोकरीच्या व्हिसाचं काय होईल?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा मुलाची तारीख नऊ दिवसांवर आली होती. अंक छापून यायची वाट बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून तुम्हाला आणि त्यालाही फोन केला. तेव्हा जे घाईघाईत सांगितलं ते इथं सविस्तर लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी तुमच्या भावाचं म्हणणं घेऊ. ‘ना हो, ना नाही’ असं हे उत्तर नाही. फौजदारी कोर्टापुरतं ते सरळ ‘हो’ आहे. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतलं कलम १०१६ सांगतं की हे उत्तर घेण्याआधी न्यायाधीशानं एका गोष्टीची खात्री करून घ्यायची : ‘नो कॉन्टेस्ट’ म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखंच धरलं जाईल, हे आरोपीला पुरतं समजलंय ना? आणि उत्तर आलं की त्याला दोषी ठरवायचं. ‘ठरवता येईल’ असा शब्द तिथं नाही. ठरवायचंच. मुलगा ते दोन शब्द बोलेल आणि लगेच न्यायाधीश म्हणतील, ‘मी तुम्हाला दोषी ठरवतो.’ रेकॉर्डवर चोरीचा गुन्हा शाबीत.

या दोन शब्दांनी माणूस कसा फसतो, ते मी अगदी जवळून पाहिलंय. सोलापूरच्या कोर्टात नऊ वर्षं वकिली करून मी इकडं आले, कॅलिफोर्नियाची वकिलीची परीक्षा दिली आणि तेव्हापासून आरोपींच्या बाजूनंच उभी राहते. अकरा वर्षांपूर्वी मंगळवेढ्याकडचे एक आजोबा माझ्याकडे आले. वय बहात्तर, लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेले. शेजाऱ्याच्या कुत्र्यावरून बोलाचाली झाली आणि त्यांनी शेजाऱ्याला ढकललं अशी तक्रार. त्या दिवशी कोर्टात मराठी दुभाषी हजर नव्हता, फोनवर होता. न्यायाधीशांनी विचारलं, ‘तुमचं उत्तर काय? नो कॉन्टेस्ट?’ स्पीकरमधून मराठी आलं : ‘तुमची काही हरकत नाही ना?’ आजोबा उभे राहिले. टोपी काढावी की ठेवावी, या विचारात हात डोक्याकडे गेला होता, तो तसाच ठेवून म्हणाले, ‘नाही साहेब, माझी काय हरकत?’

मी दोन मिनिटं मागून घेतली. बाहेरच्या बाकावर बसून त्यांना सांगितलं, ‘आजोबा, ते तुमची परवानगी मागत नव्हते. या आरोपाविरुद्ध मी लढत नाही, मला दोषी धरा, असं तुमच्या तोंडून वदवून घेत होते.’ ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, ‘तसं असेल तर हरकत आहे की.’

पुढं दोन तारखांनंतर फिर्यादी पक्षानं मारहाणीचा आरोप काढून शांतताभंगाचा सगळ्यात हलका, ज्याला कैदच नाही असा आरोप ठेवला. त्याला मात्र आजोबांनी ‘मी लढत नाही’ असं स्वतःच्या तोंडानं, समजून-उमजून म्हटलं, दंड भरला आणि ठरल्या विमानानं घरी गेले. उत्तर तेच. फरक पडला तो कशाला उत्तर दिलं त्यानं. ताई, माझ्या सगळ्या सांगण्यातलं हेच धरून ठेवा. ‘नो कॉन्टेस्ट’ म्हणायचं का हा प्रश्न नंतरचा. ते कोणत्या आरोपाला म्हणायचं, हे आधी बघायचं.

मग हा प्रकार कायद्यात आहे तरी कशासाठी? मूळ लॅटिन शब्द ‘नोलो कॉन्टेंडेरे’, म्हणजे ‘मला वाद घालायचा नाही’. जुन्या इंग्लंडात हलक्या गुन्ह्यातला आरोपी ‘राजाशी वाद घालायची माझी इच्छा नाही’ असं म्हणून स्वतःला दयेवर सोपवायचा आणि दंड भरायचा. ‘मी केलं’ हे शब्द तोंडून काढावे लागत नसत, एवढीच सवलत. इंग्लंडात ती मागं पडली, अमेरिकेत मात्र टिकली. आजही ती सगळीकडे नाही. इंडियाना राज्यात असं उत्तर देताच येत नाही, आणि फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात न्यायाधीशाची संमती लागते. फक्त दंडच होईल, तुरुंग नाही, अशीही एक समजूत होती. ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९२६ मध्येच मोडीत काढली.

‘नो कॉन्टेस्ट’चा खरा उपयोग दिवाणी बाजूला. त्याच घटनेवरून उद्या कुणी नुकसानभरपाईचा दावा लावला, तर ‘यानं कोर्टात कबूल केलंय’ म्हणून हे उत्तर पुरावा म्हणून पुढं करता येत नाही. कॅलिफोर्नियात हे संरक्षण फक्त हलक्या गुन्ह्यांना, म्हणजे मिस्डिमीनर आणि त्याखालच्यांना. फेलनीच्या, म्हणजे गंभीर, दर्जाच्या गुन्ह्याला तेही नाही.

आता तुमच्या मुलाचा हिशेब मांडा. त्याच्यावर दिवाणी दावा कोण लावू शकतं? दुकान. किती रकमेचा? चोरीच्या प्रकरणात दुकानदाराला ५० ते ५०० डॉलर आणि खर्च मागता येतो. वस्तूंची किंमतही मागता येते, पण त्या विकण्याजोग्या परत मिळाल्या नसतील तरच. तुमच्या प्रकरणात तर तूप-चीज दारातच परत गेलं. म्हणजे ‘नो कॉन्टेस्ट’नं मुलाचं रक्षण होणार ते फार तर पाचशे डॉलरच्या दाव्यात, आणि त्याची किंमत काय, तर चोरीचा गुन्हा शाबीत. हा सौदा कुठल्याही आईनं करू नये.

दुकानाचे ३५० डॉलर भरले तरी केस मिटत नाही, हेही इथंच सांगते. आपल्याकडे काही गुन्हे तडजोडपात्र असतात, फिर्यादीशी मिटलं की आरोपी निर्दोष सुटल्यात जमा. तिथं खटला दुकानाचा नसतो, राज्याचा असतो. दुकानदारानं माफ केलं तरी राज्य माफ करेलच असं नाही. ते पैसे भरायचे की नाही, केव्हा भरायचे, हे वकिलाला विचारून ठरवा. पत्राला घाबरून आज रात्री ऑनलाइन भरू नका.

व्हिसाचा भाग गंभीर आहे. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात १९९६ पासून ‘कन्व्हिक्शन’ची, म्हणजे गुन्हा शाबीत होण्याची, स्वतंत्र व्याख्या आहे. आरोपीनं गुन्हा कबूल केला किंवा ‘नोलो कॉन्टेंडेरे’ म्हटलं, आणि कोर्टानं कुठलीही शिक्षा, दंड किंवा बंधन घातलं, की ते कन्व्हिक्शन. कोर्टानं औपचारिक निकाल राखून ठेवला तरीही. त्या व्याख्येत हे लॅटिन शब्द जसेच्या तसे छापलेले आहेत. त्यामुळे ‘तो गिल्टी म्हणालाच नाही’ हा बचाव व्हिसा अधिकाऱ्यापुढं चालत नाही.

त्यात चोरी हा त्या कायद्याच्या भाषेत नैतिक अधःपतनाचा गुन्हा. ४३ डॉलरची असो नाहीतर ४३ हजारांची. मात्र घाबरून झोप उडवून घेऊ नका. कॅलिफोर्नियात किरकोळ चोरीला जास्तीत जास्त सहा महिने कैद आणि १००० डॉलर दंड आहे. कमाल शिक्षा वर्षाच्या वर नसेल, दिलेली शिक्षा सहा महिन्यांच्या आत असेल आणि असा गुन्हा एकच असेल, तर तेवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही, अशी सवलत कायद्यात आहे. म्हणजे या एका प्रकरणामुळे त्याला देशाबाहेर काढतील, असं नाही. पण ती सवलत एकदाच. त्यानंतर आयुष्यभर कुठलीही दुसरी चूक त्याला परवडणार नाही. शिवाय व्हिसाच्या प्रत्येक अर्जावर ‘तुम्हाला कधी अटक झाली होती का, गुन्हा शाबीत झाला होता का’ हा प्रश्न आहेच. नोकरीच्या व्हिसाचा शिक्का मारून घ्यायला तो मुंबईत येईल, तेव्हा खिडकीपलीकडचा माणूस नेमकं तेच विचारेल.

‘पुढं रेकॉर्ड पुसून घेता येतं’ असंही त्याला मित्रांनी सांगितलंय, तो फोनवर म्हणाला. कॅलिफोर्नियात कलम १२०३.४ खाली शिक्षा पूर्ण झाल्यावर केस काढून टाकण्याचा अर्ज करता येतो, खरं आहे. खासगी नोकरीसाठी त्याचा उपयोगही होतो. इमिग्रेशनसाठी होत नाही. तिथं ते कन्व्हिक्शन तसंच राहतं.

मग मागायचं काय? कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२१ पासून कलम १००१.९५ लागू आहे. मिस्डिमीनरच्या बहुतेक प्रकरणांत न्यायाधीश खटला थांबवून आरोपीला ‘डायव्हर्जन’वर ठेवू शकतात. जास्तीत जास्त चोवीस महिने, त्या काळात काही तास समाजसेवा, एखादा वर्ग, दुकानापासून लांब राहण्याची अट, असं काही. अटी पाळल्या की केस रद्द. फिर्यादी पक्षाचा विरोध असला तरी न्यायाधीशांना हे देता येतं. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे यात आरोपीला कुठलंच उत्तर द्यावं लागत नाही. ‘गिल्टी’ नाही, ‘नो कॉन्टेस्ट’ही नाही. उत्तर नाही, म्हणजे इमिग्रेशनच्या व्याख्येतलं कन्व्हिक्शनही नाही. व्हिसाच्या अर्जावर पकडलं गेल्याचं तरीही खरं लिहायचं, ते लपवायचं नाही. एक सावधगिरी : डायव्हर्जनचा कागद समोर आला आणि त्यात ‘मी ही वस्तू चोरली’ अशी कबुली लिहून मागितली, तर इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

मुलाच्या वकिलांना मी दोष देत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंच २०१२ च्या एका निकालात नमूद केलंय की फेडरल कोर्टांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा आरोपीच्या कबुलीवरच होतात. खटला चालतच नाही. सकाळी शंभर फायली समोर असलेल्या माणसाला ‘एका सकाळीत मोकळा’ हा खरोखरच दयाळू सल्ला वाटतो, आणि तिथल्या नागरिकाला तो चालूनही जाईल. तुमचा मुलगा नागरिक नाही, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायला हवं. २०१० मध्ये पडिला विरुद्ध केंटकी या खटल्यात हाच मुद्दा होता. होंडुरासमध्ये जन्मलेला, चाळीस वर्षांहून अधिक काळ कायदेशीरपणे अमेरिकेत राहिलेला, व्हिएतनामच्या युद्धात लढलेला माणूस. वकील म्हणाला, ‘इतकी वर्षं राहिलास, इमिग्रेशनची काळजी करू नकोस.’ त्यानं गुन्हा कबूल केला आणि हद्दपारीची पाळी आली. न्यायालयानं सांगितलं, कबुलीचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे सांगणं वकिलाचं कर्तव्यच आहे. त्यामुळे मुलानं संकोच न करता म्हणावं, ‘मी विद्यार्थी व्हिसावर आहे. तुम्ही इमिग्रेशनच्या जाणकाराशी बोलून मला सांगा.’ हे उद्धटपणाचं नाही.

आणि आता तुमचा खोटेपणाचा प्रश्न. वकिलीच्या इतक्या वर्षांत हा प्रश्न मला आयांनीच विचारलाय, आरोपींनी क्वचित. ताई, ‘लढत नाही’ म्हणणारा खोटं बोलत नाही. ‘मी केलं’ असं त्याला म्हणावं लागू नये, म्हणूनच कायद्यानं ही जागा ठेवलीय. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका आरोपीनं तर ‘मी खून केला नाही, पण मृत्युदंडाची भीती आहे म्हणून गिल्टी म्हणतो’ असं भर कोर्टात सांगितलं होतं, आणि १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कबुलीही वैध ठरवली. कायदा माणसाच्या मनात शिरत नाही.

पण तुमच्या मनाला जे टोचतंय ते योग्य ठिकाणी टोचतंय. चोरीला हेतू लागतो. स्कॅन करायचं विसरणं ही चोरी नाही. मुलगा खरोखर फोनवर बोलत होता आणि लक्ष नव्हतं, तर त्याच्याकडे लढण्यासारखं काहीतरी आहे, आणि ते न तपासताच ‘लढत नाही’ म्हणायला त्याला सांगितलं जातंय. म्हणून मी त्याला फोनवर विचारलं, ‘त्या चार वस्तू कुठे होत्या? गाडीच्या खालच्या जाळीत, की पिशवीत?’ तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं जे सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही, ते त्याचं आहे. दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण वकिलांनी मागवून, बघून, मगच काय ते उत्तर ठरवावं, एवढं त्याला सांगितलं. फोन-कंपनीकडून त्या वेळच्या कॉलची नोंदही काढून ठेवायला सांगितलीय.

प्रश्न : आम्ही फ्रीमाँटला राहतो, दोघंही आता अमेरिकन नागरिक आहोत. माझ्या गाडीचा धक्का लागून एका सायकलस्वाराचा हात मोडला. बेदरकार गाडी चालवल्याचा आरोप आहे. वकील म्हणतात, गिल्टी म्हणू नका, नो कॉन्टेस्ट म्हणा. शिक्षा तीच असेल तर फरक काय पडतो?

उत्तर : तुमच्या बाबतीत पडतो. वर बार्शीच्या ताईंना जे नको म्हटलं, ते तुमच्यासाठीच बनलंय म्हणा ना. सायकलस्वार उद्या भरपाईचा मोठा दावा लावणार हे दिसतंच आहे, आणि तिथं तुमची कबुली तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ नये ही वकिलांची काळजी बरोबर आहे.

पण कागदावरचं कलम नीट वाचा. बेदरकार गाडी चालवण्याचं साधं कलम मिस्डिमीनरचं आहे. समोरच्याचं हाड मोडलं असेल तर मात्र वेगळं कलम लावता येतं, आणि ते फेलनी म्हणूनही चालवता येतं. कलम १०१६ चं दिवाणी संरक्षण फेलनी म्हणून शिक्षा होऊ शकणाऱ्या गुन्ह्याला नाही. तेव्हा तडजोड होईल ती साध्या कलमावरच व्हावी, असा आग्रह धरा. नाहीतर ‘नो कॉन्टेस्ट’ म्हणूनही हाताला काही लागायचं नाही.

आणि हे संरक्षण केवढं आहे तेही पाहा. तुमचं उत्तर वापरता येत नाही, घटना मात्र दुसऱ्या पुराव्यानं सिद्ध करता येते. याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू. १० ऑक्टोबर १९७३ ला त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी बाल्टिमोरच्या फेडरल कोर्टात १९६७ च्या प्राप्तिकर चुकवण्याच्या एका आरोपाला ‘नो कॉन्टेस्ट’ म्हटलं. १०,००० डॉलर दंड आणि तीन वर्षं प्रोबेशन (अटींवर मोकळीक), तुरुंग नाही. न्यायाधीशांनी तेव्हाच सांगितलं होतं की हे कबुलीच्या बरोबरीचं आहे. पुढच्याच वर्षी मेरीलँडनं त्यांची वकिलीची सनद काढून घेतली. आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या दिवाणी दाव्यात १९८१ साली कोर्टानं, गव्हर्नर असताना घेतलेल्या लाचेपोटी व्याजासह २,४८,७३५ डॉलर राज्याला परत द्यायला लावले. साक्षीपुरावा होता, ‘नो कॉन्टेस्ट’च्या आडोशाचा काही उपयोग झाला नाही.

तुमच्यासाठी आणखी एक. कॅलिफोर्नियात पीडिताला भरपाई मिळण्याचा हक्क राज्यघटनेतच आहे, त्यामुळे दवाखान्याचा खर्च फौजदारी न्यायाधीशच भरायला लावू शकतात, उत्तर कुठलंही द्या. लायसन्सवर नियमभंगाचे दोन पॉइंट चढतील, तेही दोन्ही उत्तरांना सारखेच. विमा कंपनीला आजच कळवा.

सायकलस्वाराची विचारपूस करायला जावं का, असं तुमच्या पत्राच्या शेवटी आहे. जावंसं वाटणं चांगलंच आहे, तरी खटला संपेपर्यंत वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नका.

प्रश्न : नागपूरला एलएल. बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्ली बार्गेनिंग (गुन्हा कबूल करून कमी शिक्षेची तडजोड) शिकवताना सरांनी ‘नोलो कॉन्टेंडेरे’चा उल्लेख केला. आपल्याकडे आरोपीला असं उत्तर देता येतं का? आणि तो नुसता गप्प राहिला तर?

उत्तर : देता येत नाही. आपल्याकडे ‘गुन्हा कबूल आहे का?’ या प्रश्नाला कबूल किंवा नाकबूल, दोनच उत्तरं. गप्प राहिला तर त्याला खटला चालवून हवा आहे असं धरून पुरावा नोंदवायला घेतात. अमेरिकेतही गप्प राहणाऱ्याच्या नावे कोर्ट ‘नॉट गिल्टी’च नोंदवतं. तेव्हा मौन आणि ‘नो कॉन्टेस्ट’ यांची गल्लत परीक्षेत करू नका. मौनानं खटला सुरू होतो, ‘नो कॉन्टेस्ट’नं संपतो.

कायद्यात नसलं तरी ही वृत्ती मी सोलापूरला रोज पाहायची. जुगाराच्या छाप्यात उचललेले यंत्रमाग कामगार रांगेनं उभे असत. बेंच क्लार्क नाव पुकारायचा, ‘गुन्हा कबूल आहे का?’ आणि एकेक जण ‘कबूल’ म्हणून दंडाची पावती घेऊन निघून जायचा. त्यातला एखादा नुसता बघत उभा राहिलेला असायचा, पत्त्यांना हातही न लावलेला. त्याला विचारलं तर म्हणायचा, ‘वकीलबाई, तारखेला यायचं म्हणजे पाळी बुडते. दंड परवडतो.’ त्याला लढायचं नव्हतं, पण तसं म्हणायला आपल्या कायद्यात शब्द नव्हता. म्हणून तो न केलेलं कबूल करायचा. नोलो कॉन्टेंडेरे वाचते तेव्हा मला आधी तो माणूस आठवतो.

सर्वोच्च न्यायालयाला हा सौदा आधी अजिबात मान्य नव्हता. १९७६ चा महाराष्ट्रातला भेसळीचा खटला जरूर वाचा. खुरासनी तेलात शेंगदाण्याचं तेल मिसळलेलं, आरोपींनी गुन्हा कबूल केला आणि थोडक्या दंडावर सुटले. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यात अशा सौद्यांवर कडक टीका केली. नंतर विधी आयोगाचा १९९१ चा १४२ वा अहवाल, २००३ ची मलिमठ समिती आणि २००५ ची दुरुस्ती, असं करत ५ जुलै २००६ पासून प्ली बार्गेनिंग आपल्याकडे लागू झालं. ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे तिथंच. स्त्रिया आणि मुलांविरुद्धचे गुन्हे वगळून, आणि देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारेही वगळून. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८९ ते ३०० मध्ये आहे. आता दोषारोप ठेवल्यापासून तीस दिवसांत अर्ज करावा लागतो.

यातलं कलम २९९ दोनदा वाचा, जुन्या संहितेत ते २६५-के होतं. प्ली बार्गेनिंगच्या अर्जात आरोपीनं जे सांगितलं ते त्या प्रकरणाशिवाय दुसऱ्या कशासाठीही वापरता येत नाही. ‘इथं संपवायला बोललो, ते बाहेर माझ्या अंगावर येऊ नये’, हा ‘नो कॉन्टेस्ट’मागचा विचार आपल्या कायद्यात शिरलाय तो या एका कलमातून. प्रबंधिका लिहायची असेल तर इथून सुरुवात करा.

ता. क. अंक छपाईला जाताना बार्शीहून फोन आला. मुलाच्या वकिलांनी डायव्हर्जनचा अर्ज दिलाय आणि दुकानाकडून चित्रण मागवलंय. न्यायाधीशांनी सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली आहे. तोवर त्याचं उत्तर ‘नॉट गिल्टी’ असंच नोंदलेलं राहील.